सादिकाचा रकाना

प्रिय इनायत,

दोन गल्ल्या सोडून राहणारा माणूस पत्र लिहितो म्हणून तू हसशील. गेल्या मंगळवारी गाडीचा क्लच दाखवायला आलो, तो खरं तर बोलायलाच आलो होतो. क्लचला काही झालेलं नव्हतं. तरी तू तो उघडलास, साफ केलास, मला चहा पाजलास. तुझी सादिका शाळेच्या गणवेशातच गॅरेजच्या बाकावर बसून नट निवडत होती. एक नट घरंगळत गेला. तिने तो डाव्या पायाने अडवला आणि हळूच माझ्याकडे सरकवला. वर पाहिलं नाही. मी चहा अर्धा ठेवून निघालो.

मुलींचा फुटबॉलचा संघ काढला तेव्हा आपली वाटणी ठरली होती. चेंडू, पंप, पंक्चर तुझ्याकडे, शिकवणं माझ्याकडे. मला शिकवता कुठं येत होतं? निघोज्याच्या कंपनीत एकोणीस वर्षं जुळणीची लाइन लावतोय, तेवढंच येतं. एका माणसाला एकच काम, हात बसेपर्यंत तेच. सरावही तसाच लावला. दर आठवड्याला एक तक्ता: उभ्या रकान्यांत कामं, आडव्या ओळींत दिवस, चौकटीत नावं. दीपमालाने अडवायचं, सादिकाने पास द्यायचा, माझ्या दिव्याने गोल मारायचा. सादिका उजवीकडून चेंडू सोडायची, दिव्या धावत येऊन मारायची. रोज चाळीस वेळा. तू तक्ता पाहून म्हणाला होतास, "राव, तू तर पोरींचीही शिफ्ट लावलीस." मला ते कौतुक वाटलं.

चऱ्होलीची स्पर्धा आपण जिंकलो. दिव्याचे सात गोल. सातही पास सादिकाचे, पण ते कोण मोजतं?

जिल्ह्याच्या निवडीत मात्र प्रत्येकीला सगळं करायला लावतात. सादिकाकडे चेंडू आला, समोर गोल मोकळा, आणि तिने मान वळवून दिव्याला शोधलं. दिव्या रेषेबाहेर पाणी पीत होती. बघणारे हसले. निवड करणाऱ्या सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ही मुलगी अशी थांबते का? मी म्हणालो, पास चांगला आहे, पण तिच्यात गोल नाही. संध्याकाळी तुलाही तेच सांगितलं. तू एवढंच म्हणालास, "तू सांगतोस म्हणजे तसंच असेल." दुसऱ्या दिवसापासून ती सरावाला यायची थांबली. दिव्याचं नाव यादीत आलं, तेव्हा सर्वांत आधी हार घेऊन तूच आलास.

परवा दिव्या जिल्ह्याच्या शिबिरातून आली आणि माझी तक्त्यांची फाइल उघडून बसली. बराच वेळ पानं उलटत होती. मग म्हणाली, "पप्पा, सादिकाला गोल मारायला कधी दिलं होतं?" मी पुन्हा पाहिलं. बासष्ट तक्ते. एकदाही नाही. मी तिला म्हणालो, लाइन लावायची सवय, चूक झाली. तिने मान हलवली. तिलाही ते खरं वाटलं.

चूक असती तर गॅरेजमध्येच तोंडाने सांगितली असती. पहिले काही दिवस तक्ता नव्हता, मुली वाटेल तसं खेळायच्या. तू नळापाशी पंप दुरुस्त करत होतास, तुझी पाठ होती. सादिकाने लांबून, डाव्या पायाने एक चेंडू मारला. तो खांबाच्या आतून, वरच्या कोपऱ्यात गेला. दिव्या नाचायला लागली. मी नाही नाचलो. घरी जाऊन पहिला तक्ता आखला आणि गोलच्या रकान्यात आधी दिव्याचं नाव लिहिलं. बाकीची नावं नंतर. आज निवडीच्या त्या सरांना फोन करून हे सगळं सांगितलं. त्यांनी कसलाही शब्द दिला नाही. रविवारी सकाळी सातला मैदानावर तिला पुन्हा पाहतो म्हणाले. सादिकाला हे पत्र वाचून दाखव आणि आली तर येऊ दे. मी मैदानावर नसेन. चेंडू दिव्या सोडणार आहे. कालपासून भिंतीवर सराव करतेय, पण तिचा पास अजून वाकडा जातो. तोही मी तिला कधी शिकवला नव्हता. सादिकाला म्हणावं, थोडं सांभाळून घे.

म्हणू देशील तर, अजूनही तुझाच,
नवनाथ