मुलांकडे पाठ नको

भदौ १०, रविवार
आमच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू. नेपाळभरातून आठ जण आलेत, सगळे ऐकणाऱ्या मुलांच्या शाळांतले. पहिला नियम सांगून टाकला – बोलताना मुलांकडे पाठ नको. बहिऱ्या मुलाला ओठ आणि हात दिसले नाहीत, की तास संपला! शुक्रवारी परीक्षेच्या तासाला एकदा जरी चुकलं, तरी नापास.

प्रमिला मिस ताप्लेजुंगहून आल्यात. बारा वर्षं गणित शिकवताहेत, तेही फळ्याशीच गप्पा मारत. "जुनी सवय आहे सर, जाईल ना?" जायलाच हवी. त्या पास झाल्या तरच आमच्या नववीला गणिताला कुणी मिळेल. चैतापासून जागा रिकामी आहे.

भदौ ११, सोमवार
आज तेजमानने नावांच्या खुणा शिकवल्या – प्रत्येक माणसाला हाताची एक खूण, तेच त्याचं नाव. तो स्वतः बहिरा, माझ्या पहिल्या नववीतला, आता इथेच खुणांचा शिक्षक. प्रमिला मिसनी विचारलं, "माझी खूण मीच ठरवू?" त्याने हातांनीच झटकलं – "नाव बहिऱ्यांनी द्यायचं. मागायचं नसतं."

मी माझी दाखवली – खिशाला पेन. एकोणीस वर्षांपूर्वी मीच ठरवलेली! तेजमान नुसता हसला.

भदौ १३, बुधवार
सरावात प्रमिला मिस सतरा वेळा फळ्याशी बोलल्या. मोजलं मी.

भदौ १५, शुक्रवार
परीक्षेचा तास. नववीचा वर्ग, काटकोन त्रिकोण. मिस गप्प राहून लिहायच्या, वळायच्या, मग बोलायच्या. हात अडखळत होते, पण मुलांना कळत होतं. आणि मध्येच रंगात येऊन फळ्याला समजावू लागल्या! पहिल्या बाकावरच्या सुजिताने बाकाखाली पाय आपटले – 'इकडे बघा' ही बहिऱ्या मुलांची हाक. मग अख्ख्या वर्गाने. जमीन हादरली तशा मिस वळल्या, कपाळावर हात मारून खो-खो हसल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

एकदा म्हणजे एकदा. नापास लिहून पाकीट बंद केलं, रविवारी कार्यालयात द्यायचं. मिस म्हणाल्या, "नियम तुमचा आहे सर, मी काय बोलणार?" डोळे भरले होते त्यांचे. मलाही वाईट वाटलं. पण नियम मोडला तर उद्या कोण पाळेल?

भदौ १६, शनिवार
आठवड्याची सुट्टी. तेजमान चहाला आला. म्हणे मुलांनी मिसना नाव दिलं – कपाळावर हात. एका तासात! मी विचारलं, मुलं माझी पेनाचीच खूण करतात ना? "चहा गार होतोय सर." विषय बदलला पठ्ठ्याने.

भदौ १७, रविवार
सकाळी शाळेच्या फाटकातच गाठलं तेजमानला. माझं खरं नाव सांग! त्याने तळवा डोक्याच्या मागे नेऊन ठेवला. पाठमोरा.

"मग कुणी कधी पाय का नाही आपटले?"

"आपटले होते सर. पहिल्या वर्षी, मीच. तुम्ही मला वर्गाबाहेर काढलंत."

पाकीट फाडलं. नवा कागद भरला – प्रमिला राई, पास. शेरा : वळून बघतात.