मधुमालतीच्या मुळाशी सिमेंट

मंगळवार, संध्याकाळ

एक वीत माती सोडायला काय हात मोडले होते मेल्यांचे? सकाळी फणसवाडीला लेकीकडे गेले, परत येऊन बघते तर कुंपणापर्यंत सगळं सिमेंट. म्हणे गाड्या लावायला. माझी मधुमालती तारेवर आहे तशी आहे, पण बुंध्याला चहूकडून सिमेंट आवळलंय.

गवंडी म्हणतो, "आजी, वेल कुठे तोडली? ठेवलीय ना!" ठेवलीय म्हणे. तांब्याभर पाणी ओतून बघितलं, सगळं वाहून गटारात गेलं. मुळाला थेंब नाही. परळची चाळ पाडली तेव्हा हिची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून इथे अँटॉप हिलला आणली. बकऱ्यांनी खाल्ली, रंगाऱ्यांनी दोनदा छाटली, तरी बया परत तारेवर चढली. आता उन्हाळा काढायची नाही. एक वीत माती पुरली असती हिला.

त्यात मुकादम सिमेंट घालायच्या परवानगीचा कागद दाखवतो, खाली माझी सही. खरीच माझी. परवा दिनू म्हणाला, "आई, गटाराचा कागद आहे, इथे सही कर." पोटचा मुलगा, म्हणून केली. चौथी शिकलेय, वाचता येतं मला. मग का नाही वाचलं? आता सिमेंट फोडा म्हटलं तर सगळे हसतील, सही दाखवतील.

दिनू आल्यापासून मोबाईलात तोंड घालून बसलाय. सून म्हणते, "आई, जाऊ दे ना." उद्या चहाआधी दिनूनेच सांगायचं, कागदात काय होतं ते. सुनेने मध्ये बोलायचं नाही.