तारेवरची पोस्टकार्डं

सोलापूर,
१४ नोव्हेंबर १९७८

तीर्थस्वरूप अक्कास,
धाकट्या चन्नवीरचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

घरी सगळे ठीक. तू पाठवलेल्या शेंगा पोचल्या, तुझ्या भावजयीने लगेच चटणी कुटली. मी अजून तोंडात घातलेली नाही. गौरम्माला मुंबईच्या दवाखान्यात ठेवून काल परतलो. दाजी तिच्याजवळ आहेत. गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन सोमवारी आहे. तू जेवत जा.

जेऊर स्टेशनावर तू गाडीच्या खिडकीशी आलीस आणि विचारलंस, "जुनं दुखणं उलटलं व्हय रं?" मी मान हलवली. अक्का, ते खोटं होतं. हा टीबी नाही. गाठ कर्करोगाची आहे, आणि छातीत दिसणारे नवे ठिपके त्याच गाठीचे आहेत. छातीची फिल्म आमच्या दवाखान्याच्या एक्स-रे खोलीत मीच काढली होती. ती ओली असतानाच मला कळलं होतं.

मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी हिची छाती एक्स-रेखाली किती वेळा पाहिली? मी म्हणालो, सात. आमच्या दवाखान्याच्या रजिस्टरात सातच आहेत.

तुला आठवतं ना, नऊ वर्षांच्या तुझ्या गौरम्माला टीबीच्या इंजेक्शनांसाठी माझ्या घरी ठेवून निघताना तू काय म्हणाली होतीस? "चन्नू, डाग किती ऱ्हायला तेवढं दर आठवड्याला कळव की. न्हाई तर मला घास जायचा न्हाई." मी कळवत गेलो. दर गुरुवारी कार्ड. छातीतला डाग चिंचोक्याएवढा झाला, डाग तुरीएवढा झाला. हे मला कसं कळायचं, असं तू कधी विचारलं नाहीस. डॉक्टर दोन महिन्यांनी एकदा बघायचे. बाकीच्या गुरुवारी मीच बघत होतो. जेवणाच्या सुट्टीत मशीनपुढे तिला उभी करायची, अंधार करायचा आणि पडद्यावर छाती पाहायची. फिल्म लागत नाही, नोंदही होत नाही. पोर अंधारात विचारायची, "मामा, माजं काळीज उडतंय का?" मी म्हणायचो, "उडतंय की, चिमणीवानी." तिला सांगण्याच्या नादात मी किरणांचं बटण जरा जास्तच दाबून धरायचो.

लहान पोरांच्या गळ्यातली ग्रंथी नाजूक असते, तिला किरणं सोसत नाहीत, हे मला शिकवलेलं होतं. म्हणून मी हुशारी केली. किरणं अडवणाऱ्या जुन्या शिशाच्या एप्रनची पट्टी कापून तिच्या गळ्याला बांधायचो. काम झालं की पट्टीची चौघडी घालून, तळहाताने दाबून, खणात ठेवायचो. आप्पा चादरीच्या गिरणीत घडी घालायचे तशी. शिसं टांगून ठेवायचं, घडी घालायची नाही, हेही शिकवलं होतं. पण आपल्या घरात वस्तू चुरगळलेली ठेवायची पद्धत नाही ना.

आज ती पट्टी खणातून काढली, सपाट पसरली आणि तिचाच एक्स-रे घेतला. जिथे शिसं शाबूत असतं तिथे फिल्म पांढरी राहते. प्रत्येक घडीवर काळी रेघ आहे. मधली तर बोटाएवढी रुंद आहे, आणि ती बरोबर पोरीच्या गळ्यातल्या ग्रंथीवर यायची.

डॉक्टर म्हणाले, गाठ यामुळेच झाली असं ठाम सांगता येत नाही. ते दयाळू आहेत. मला त्याचा काही उपयोग नाही. मी रोज दुसऱ्यांच्या पोरांना त्याच मशीनपुढे उभं करतो.

निघताना गौरम्मा म्हणाली, "मामा, तुमी हाय न्हवं, मग मला कशाचं भ्या?" मी तिच्या गळ्याकडे बघू शकलो नाही.

आता एक कर. माझी सगळी कार्डं तू चुलीमागच्या तारेत ओवून ठेवलीस. त्यांच्यावरच अक्षरं लावत वाचायला शिकलीस, म्हणून हे पत्र तुला कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही. ती खाली काढ आणि मोज. जेवढी कार्डं तेवढ्या वेळा. आकडा मला कळव. तो मी डॉक्टरांना लिहीन, रजिस्टरातही घालीन. मग नोकरी राहो न राहो.

त्या प्रत्येक कार्डाखाली मी "तुझा पाठीराखा" असं लिहायचो. आज नुसतं नाव लिहितो.

चन्नवीर