नारायणाची तांबडी फीत

कल्याण, माघ शुद्ध दशमी, रात्र.

आमच्या कॉलेजाला (आमच्या कसल्या, मी तर मधेच सोडलं!) पंचवीस वर्षं झाली म्हणून आज इथल्या माजी विद्यार्थ्यांची पानसुपारी होती. पदवीधरांच्या छातीवर तांबडी फीत. माझा मित्र नारायण यानं आपली फीत माझ्या कोटाला टाचली. "मिरव रे सासऱ्यापुढं, कोण विचारतंय!"

यमूचे वडील (लग्न जमलं तर माझे सासरे!) अत्तर लावायला आले. फीत पाहून हसले. माझ्याकडे पाहून, प्रथमच!

"बी. ए. झालात? मग पत्रिका पाठवा की घरी."

डोकं भडकलं. फीत ओरबाडली. "नाही झालो. सोडलं मी."

ते पुढच्याला अत्तर लावू लागले.

एक संध्याकाळ गप्प बसता आलं नसतं? पण यमूनं जन्मभर त्या फितीशी संसार करायचा?

आईनं विचारलं, "कोट कुठं फाटला?"

खिळ्याला, म्हणालो.