चुन्यावर ओतलेलं पाणी

प्रिय अश्वजित,

जय भीम. मावशीच्या, तुझ्या आईच्या, डोळ्याची पट्टी परवा सुटली. उजेड कळतो, माणूस ओळखू येत नाही. फोनवर मावशीने "बरं हाय" एवढंच सांगितलं असेल, म्हणून नीट लिहितो.

विहाराला चुना द्यायचा तो दिवस माझ्या मनातून हलत नाही. शाळेत असताना तूच मला शिकवलं होतंस, की कळीचा चुना पाण्यात पडला की उष्णता सुटते, तयार होतो तो आम्लारी, बोटांना बुळबुळीत लागतो, तांबडा लिटमस निळा करतो. लिटमस कुठून आणणार? मग तू मावशीच्या डब्यातली हळद चोरलीस आणि चुन्याच्या निवळीत लाल करून दाखवलीस. नववीनंतर माझी शाळा सुटली, पण हे विसरलो नाही. त्या सकाळीही मी पिंपभर पाण्यात एकेक खडा सोडत होतो. "असं तं जयंती निघून जाईन," म्हणून तू हसलास, उरलेला सगळा चुना घमेल्यात घेतलास आणि वरून तांब्याभर पाणी ओतलंस. मावशी स्वयंपाक अर्धा टाकून नीळ घेऊन आली होती, कोण ओततंय हे न बघताच ती नेमकी घमेल्यावर वाकली. चुना फटकन उसळला. तिने डोळा दाबून धरला आणि हळदीची बोटं लालभडक झाली. मला रक्तच वाटलं. मी तिला नळाखाली धरून डोळा धूत राहिलो. परत आलो तोवर तू जमलेल्यांना सांगून मोकळा झाला होतास, "नऱ्यानं ओतलं. त्याले काय समजते!"

मी तुला खोटं पाडलं नाही. वाटलं, घाबरला आहेस, संध्याकाळपर्यंत खरं सांगशील. तू पुण्याची गाडी धरलीस. आता मी रंगाचा डबा उचलला की कामरगावची पोरं ओरडतात, "पाणी लपवा रे!" ते सोसतो. मावशीची माया सोसवत नाही. ती सगळ्यांना बजावते, "शिकलं नाही लेकरू, त्याले बोलू नका."

काल तिने जवळ बसवून माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "अश्वजितले पत्र लिही. तुह्यं नाव काढलं का तो फोन ठेवून देते. त्याले म्हण, नरेंद्रवर राग नको धरू, माफ कर त्याले." तिला शब्द दिला, म्हणून हे पत्र. माफी मात्र मला मागता आली नाही. मी तिला काही सांगणार नाही. तू ये, आणि तिच्यासमोर बसून तूच सांग.

अजून तरी तुझाच,
नरेंद्र