मारुतीला एसी बसवला

काळाचौकी,
६ मे २०२४

चि. अजित यास आईचा स. जयभीम, वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर. बातमी ऐक. तुझ्या बाबांनी जुन्या मारुतीला एसी बसवला! आपल्या गाडीत उकडून मनालीला पुरळ येतं असं तू मार्चात म्हणालास ना, तेव्हापासून या माणसाला चैन नाही. गिरणीतले फिटर ते. कुणी काही कारण सांगितलं की हे पाना घेऊन उठतात.

लालबागच्या रामदासने भंगारातून कॉम्प्रेसर शोधला, डॅशबोर्ड पार सोलला, पट्टा चढवला, गॅस भरला. हे तीन दिवस त्याच्या शेजारी उकिडवे. तो म्हणाला, काका, इंजिन लहान आहे, पूल चढताना एसी बंद करा, नाहीतर गाडी धापा टाकेल. हे म्हणतात, नात शेजारी असली तर उडत जाईल! ताप मोजायचा थर्मामीटर हवेपुढे धरला, त्यावर ‘लो’ आलं, तर चाळभर दाखवत फिरले. म्हातारचळ, दुसरं काय!

रविवारी नऊला तुमच्या गेटवर येतील. मनालीला राणीच्या बागेत पेंग्विन दाखवायचेत. सहा महिने झाले रे पोरीला बघून.

सूनबाई सौ. कीर्तीला आशीर्वाद, मनालीला गोड मुका. माया आटू देऊ नकोस.

तुझी आई,
बकुळा


शिवाजी पार्क,
९ मे २०२४

ती. आईस सा. न.

फोन केला की बाबा स्पीकरवर ऐकतात, म्हणून लिहितोय. रविवारी त्यांना पाठवू नकोस. पुरळ वगैरे काही नव्हतं. काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं.

मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत जयभीम लिहिलेली गाडी गेटवर उभी राहिली की वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे वाचतात. इथे आम्हाला आजवर कुणी काही विचारलेलं नाही. ते तसंच राहू दे. स्टिकर काढला तरी बाबांचं तोंड बंद राहणार नाही.

आजोबा लांब गावी असतात असं मनालीला सांगितलंय. लहान आहे, विसरेल. एसी चांगला बसला असेल तर तुम्ही दोघं फिरा.

राग नसावा, आहे तो लोभ राहू द्यावा.

अजित


काळाचौकी,
१३ मे २०२४

चि. अजित यास स. जयभीम. तू लिहायचं टाळलंस, मी टाळणार नाही.

तुझं पत्र पिठाच्या डब्यात दडवलं. सांगू काय त्यांना? की तुमच्या लेकाने तुम्हाला जिवंतपणी गावी धाडलं?

रविवारी साडेसातलाच हे इस्त्रीचा सदरा घालून गाडीत, एसी लावून. पोर बसेपर्यंत गाडी गार हवी म्हणे. माझ्या तोंडाला आलं ते मी बोलले, की अजितचा निरोप आहे, पोरीला एसीचा गारवा बाधतो, डॉक्टर नको म्हणालेत.

तिथेच चुकलं माझं. चाळीस वर्षं संसार केला आणि विसरले, की या माणसाला कारण सांगायचं नसतं. हे हसले. म्हणाले, एवढंच ना?

आज सकाळपासून रामदासकडे आहेत. बसवलेला एसी उतरवून घेतायत. संध्याकाळी हात पुसत येतील आणि विचारतील, आता कधी पाठवतोय पोरीला?

माझ्याकडची कारणं संपली. पुढचं तू कळव. लोभ नसला तरी चालेल, कारण मात्र नीट शोध. त्यांना दुरुस्त करता येणार नाही असं.

आई