गळ्यातली चकती

सिनसिनाटी, १० मे १८६४

चि. लेमला ऑर्फाताईचे अनेक आशीर्वाद.

तू मागितलेली आपल्या बेकरीची चकती सोबत आहे. बाबा कुरकुरलेच. लढाईत सरकारी सुटे पैसे गडप झाले म्हणून पाव विकताना सुट्यांऐवजी द्यायला दुकानाचं नाव ठोकून या तांब्याच्या चकत्या पाडल्या, पोरांच्या छंदासाठी नव्हे, म्हणाले. पण सगळ्यात चकचकीत त्यांनीच निवडून दिली. पोटाची आबाळ करू नकोस.

तुझी ताई


छावणी, जॉर्जिया, २ जून

ती. ताईस वाकून नमस्कार.

चकती आली आणि गेलीही! तंबूतला माझा सोबती ॲबसलम टीटर गोशेन गावचा. त्याच्या आईच्या टोप्यांच्या दुकानाची चकती मला हवी होती, त्याने बदल्यात आपल्या बेकरीची मागितली. गाढवाने तिला भोक पाडून गळ्यात बांधली! चांगला नग वाया घालवला. मी अजून धुसफुसतोय. बाबांना सांगू नकोस.

तुझा लेम


सिनसिनाटी, २० जुलै

चि. लेम,

तुझं जूनमधलं पत्र इतक्या उशिरा, काल आलं. तू जिवंत आहेस. परवाच आम्ही तुला पुरलं.

इस्पितळातून तार आली होती. शिपायाचा चेहरा जळालाय, बोलता येत नाही, गळ्यात आपल्या बेकरीची चकती आहे. बाबा तसेच धावले. शेवटपर्यंत त्याचा हात धरून, लेम, मी आलोय, असं सांगत राहिले. तो हात दाबायचा म्हणे. त्याला आपल्या आईच्या थडग्याशेजारी ठेवलंय.

पत्र ऐकून बाबा आधी हसले, मग भट्टीपाशी जाऊन रडले. ते पोर दुसऱ्याच्या नावाच्या हाका ऐकत मेलं, मी त्याला फसवलं, म्हणतात. ॲबसलमच्या आईला काय लिहू रे?

ताई


छावणी, १ ऑगस्ट

ती. ताईस नमस्कार.

ॲबसलम परतला नाही, तेव्हा तो शत्रूच्या हाती लागला असं आम्ही धरून चाललो होतो. आता जेवण जात नाही.

बाबांना सांग, त्यांनी कुणाला फसवलं नाही. ॲबसलम पाळण्यात असतानाच त्याचा बाप गेला. तुझं पत्र आलं की बाबांचं कुरकुरणं तेवढं पुन्हा वाच, म्हणून तो माझ्या मागे लागायचा. लेम अशी हाक ऐकताच हे आपले नव्हे, लेमचे बाबा, हे त्याला कळलंच असणार. तरी त्याने हात सोडला नाही.

सोबत त्याच्या आईची चकती आहे. बाबांनी स्वतः गोशेनला जाऊन तिच्या हातात द्यावी. थडग्याच्या दगडावरचं माझं नाव खोडून त्याचं घाला.

माझ्यावर आहे तो लोभ तिच्यावरही असू द्या.

लेम